सोमची लढाई : बातमी मागायला निघालेल्या बायका



आज मी तुम्हाला एका लढाईची गोष्ट सांगणार आहे. ‘पहिलं महायुद्ध, 1914 ते 1918’ एवढं आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. ही त्याच युद्धातली एक मोठी चढाई. फ्रान्स देशात सोम नावाची नदी आहे. त्या नदीकाठच्या शेतांत ही लढाई झाली, म्हणून तिचं नाव सोमची लढाई. 1 जुलै 1916 ला ती सुरू झाली आणि 18 नोव्हेंबरला थांबली. आपल्या हिशोबानं सांगायचं तर पेरणीच्या दिवसांत सुरू झाली आणि दिवाळी होऊन गेल्यावर थांबली. 141 दिवस.

लढाईच्या गोष्टीत सेनापती असतात, तोफा असतात, कोण जिंकलं कोण हरलं हे असतं. तेही सांगते. पण आज मला जास्त बोलायचंय ते मागं घरी राहिलेल्या बायकांबद्दल. त्यांना काय सांगितलं गेलं, काय लपवलं गेलं, आणि मग त्या काय करायला उठल्या, याबद्दल.

खंदकातली लढाई

आधी खंदक म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्यापैकी कितीतरी जणींनी पाणलोटाच्या कामात किंवा रोजगार हमीवर चर खोदलेत. डोंगराच्या उतारावर लांबच लांब समपातळी चर. तसाच चर डोळ्यांसमोर आणा, पण उभा माणूस आत झाकून जाईल इतका खोल. सरळ नाही, नागमोडी, म्हणजे एका टोकाला गोळा पडला तर दुसऱ्या टोकाच्या माणसांना लागू नये. असे चर उत्तरेच्या समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे 700 किलोमीटर पसरले होते. एका बाजूच्या चरात जर्मन सैनिक, समोरच्या चरात फ्रेंच आणि इंग्रज. मधे काटेरी तारांची जाळी आणि ना इकडची ना तिकडची अशी मोकळी जमीन. कुठे ती अर्धा किलोमीटर रुंद, तर कुठे एका शेताच्या बांधापासून दुसऱ्या बांधाएवढी.

1914 च्या शेवटी दोन्ही बाजू अशा जमिनीत शिरून बसल्या. वर डोकं काढलं की समोरून मशीनगन चालू. ही बंदूक मिनिटाला शेकडो गोळ्या सोडायची. त्यामुळे बचाव करणं सोपं आणि चढाई करणं महाकठीण होऊन बसलं. चरात चिखल, उंदीर, उवा. पाय दिवसेंदिवस पाण्यात राहून सडायचे.

ही कोंडी फोडायची म्हणून इंग्रज आणि फ्रेंच सेनापतींनी 1915 च्या डिसेंबरात ठरवलं की पुढच्या उन्हाळ्यात सोम नदीकाठी दोघांनी मिळून मोठा हल्ला चढवायचा. त्यात मोठा वाटा फ्रेंचांचा असणार होता. पण फेब्रुवारी 1916 मध्ये जर्मनांनीच फ्रान्समधल्या व्हर्दून या ठिकाणी जोराचा हल्ला केला. फ्रेंच सैन्य तिकडे गुंतलं आणि सोमचं बरंचसं ओझं इंग्रजांवर आलं. इंग्रज सैन्याचा प्रमुख होता डग्लस हेग. हा माणूस काही वर्षांपूर्वी हिंदुस्थानातल्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर होता. त्याच्या हाताखाली या चढाईची जबाबदारी होती रॉलिन्सन या सेनापतीकडे.

एका गल्लीतले, एका पलटणीत

आता या लढाईत उतरलेली माणसं कोण होती ते ऐका, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे.

युद्ध सुरू झालं तेव्हा इंग्लंडमध्ये सक्तीची भरती नव्हती. लॉर्ड किचनर हा युद्धमंत्री होता. हाच किचनर आधी हिंदुस्थानचा सरसेनापती होता. त्यानं लोकांना स्वखुशीनं भरती व्हायचं आवाहन केलं. तेव्हा एक युक्ती निघाली. एका गावचे, एका कारखान्यातले, एका गल्लीतले तरुण एकत्र भरती झाले तर त्यांना एकाच पलटणीत ठेवायचं. ओळखीची माणसं सोबत असली की भीती कमी वाटते. भाऊ भावासोबत, शेजारी शेजाऱ्यासोबत, एकाच शाळेत शिकलेले सगळे एकत्र. या पलटणींना तिकडे दोस्तांच्या पलटणी म्हणत. लीड्स, ब्रॅडफर्ड, शेफील्ड, बार्न्सली अशा कितीतरी शहरांनी आपापल्या पलटणी उभ्या केल्या.

इंग्लंडच्या लँकेशायर भागात अक्रिंग्टन नावाचं गिरण्यांचं गाव आहे. त्या भागातलं सूत आणि कापड आपल्याकडे विकायला यायचं. आपल्या पणज्यांनी ज्याला विलायती कापड म्हटलं, त्यातलं बरंचसं याच भागातलं. शेजारच्या ब्लॅकबर्नमध्ये तर हिंदुस्थानातल्या लोकांसाठी खास धोतरं विणली जात. 1914 च्या उन्हाळ्यात अक्रिंग्टनमध्ये काम बंद पडलं होतं, कितीतरी घरांत रोजी नव्हती. भरतीची हाक आली आणि दहा दिवसांत आसपासच्या गावांसह हजारभर तरुणांची पलटण उभी राहिली. गावचा महापौर जॉन हारवुड यानं पुढाकार घेतला होता. पोरं निघाली तेव्हा गाव रस्त्यावर आलं होतं.

पोटासाठी भरती, गावाच्या मानासाठी भरती, मित्र गेला म्हणून भरती. हे आपल्याकडच्या मैत्रिणींना नवीन नाही.

ती सकाळ

24 जूनपासून इंग्रजांच्या तोफा सुरू झाल्या. सात दिवस आणि सात रात्री. पंधरा लाखांहून जास्त गोळे जर्मन खंदकांवर टाकले गेले. सेनापतींचा हिशोब असा होता की इतक्या माऱ्यानंतर समोर कुणी जिवंत उरणारच नाही, काटेरी तारा तुटून जातील, आणि आपल्या सैनिकांनी चालत जाऊन जागा ताब्यात घ्यायची तेवढी बाकी राहील.

हा हिशोब तीन ठिकाणी चुकला. पहिलं, तिथली जमीन खडूसारख्या पांढऱ्या दगडाची. जर्मनांनी त्यात नऊ-दहा मीटर खोल तळघरं खोदली होती. वर गोळे पडत राहिले आणि खाली माणसं दबा धरून बसून राहिली. दुसरं, पुष्कळसे गोळे छर्ऱ्यांचे होते. ते उघड्यावरच्या माणसाला मारतात, पण काटेरी तार तोडायला उपयोगी पडत नाहीत. तिसरं, घाईघाईनं बनवलेल्या गोळ्यांतले बरेच फुटलेच नाहीत. तसेच मातीत रुतले.

1 जुलैची सकाळ लख्ख उन्हाची होती. जर्मन ठाण्यांखाली भुयारं खणून सुरुंग पुरले होते, ते उडवले. त्यातल्या एकाचा खड्डा आजही पाहायला मिळतो. आपल्या मोठ्या विहिरीहून खोल आणि रुंदीला जवळजवळ शंभर मीटर. साडेसात वाजता शिट्ट्या वाजल्या. सैनिक शिड्या चढून खंदकाबाहेर आले. प्रत्येकाच्या अंगावर सुमारे तीस किलो ओझं. म्हणजे डोक्यावर पाण्याचे दोन मोठे हंडे घेऊन नांगरलेल्या रानातून चालायचं आणि समोरून गोळ्या झेलायच्या. पुष्कळ ठिकाणी त्यांना रांगेनं चालत जायचा हुकूम होता.

तोफा थांबल्या की जर्मन सैनिक तळघरातून वर आले, मशीनगना लावल्या. आणि समोर रांगेनं येणारी माणसं कापलेल्या पिकासारखी आडवी झाली.

त्या एका दिवसात इंग्रज बाजूचे 57,470 सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. त्यातले 19,240 मेले. इंग्लंडच्या सैन्याच्या सगळ्या इतिहासात इतका वाईट दिवस दुसरा नाही. न्यूफाउंडलँड या बेटावरच्या पलटणीचे सुमारे 800 जण ब्यूमाँ-हामेल गावाजवळ चालून गेले. दुसऱ्या दिवशी हजेरीला 68 उभे राहिले.

अक्रिंग्टनची पलटण सेर नावाच्या छोट्या खेड्यावर पाठवली होती. सुमारे 700 जण गेले. तासाभरातच त्यातले 584 ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले होते. 235 मेले. सेर त्या दिवशी हाती आलंच नाही. त्याच खेड्याच्या समोर लीड्स, ब्रॅडफर्ड, शेफील्ड आणि बार्न्सलीच्या पलटणीही होत्या.

सगळीकडे अपयश आलं असं नाही. दक्षिणेकडच्या टोकाला माँतोबाँ आणि मामेत्झ ही गावं इंग्रजांनी घेतली, आणि त्यांच्याही पलीकडे फ्रेंच सैन्यानं चांगली मजल मारली. तिथं तोफा जास्त नेमक्या चालल्या होत्या. पण बाकी लांबच लांब पट्ट्यात माणसं गेली आणि जमीन मिळाली नाही.

‘सगळं ठीक आहे’

आता मैत्रिणींनो, त्या दिवशी घरी काय कळलं?

पहिल्या दिवसांत वर्तमानपत्रांनी छापलं की चढाई छान चालली आहे, आपण पुढे सरकतोय. बातम्या सैन्याच्या तपासनीसांच्या हाताखालून जात. किती मेले हा आकडा कुणी छापला नाही. गिरणीच्या गावात बायका पेपर वाचत होत्या आणि आपल्या पोराच्या पत्राची वाट पाहत होत्या. पत्रं यायची थांबली. एकीकडे नाही, शेजारणीकडेही नाही, समोरच्या घरीही नाही. एकाच गल्लीत सगळ्यांची पत्रं एकदम थांबली, म्हणजे काहीतरी झालंय, एवढं ओळखायला पेपर लागत नाही.

मग कुजबूज सुरू झाली. जखमींना घेऊन जाणाऱ्या एका रेल्वेगाडीतल्या सैनिकानं ओरडून सांगितलं म्हणे की अक्रिंग्टनची पलटण संपली. कुणाला तरी दवाखान्यातल्या जखमी मुलाचं पत्र आलं. त्यात शेजारच्या मुलाचं नाव होतं. सरकारी कागद मात्र येईना.

तेव्हा अक्रिंग्टनचे लोक, त्यात आया, बायका, बहिणी, थेट महापौराच्या घरावर गेले. पोरांना भरती करताना तू पुढं होतास, आता काय झालं ते आम्हाला सांग, अशी त्यांची मागणी. ज्यानं पलटण उभी केली, त्याच्या दारात उभं राहून जाब विचारला. महापौरालाही पूर्ण काही माहीत नव्हतं. पण घरात एकेकटीनं रडत वाट पाहण्यापेक्षा सगळ्या मिळून दारात उभ्या राहिल्या, ही गोष्ट तिकडच्या लोकांच्या आठवणीतून अजून गेलेली नाही.

पुढच्या दिवसांत कागद येऊ लागले. तिथं रीत अशी होती की अधिकारी मेला तर घरी तार यायची. साधा शिपाई मेला तर टपालानं छापील फॉर्म यायचा. त्यात नाव, नंबर आणि तारीख हातानं भरलेली. एका गल्लीत एकाच दिवशी असे कितीतरी फॉर्म. टपालवाला गल्लीत शिरला की प्रत्येक दारात बाई उभी, आणि प्रत्येकीच्या मनात एकच, माझ्या दाराशी थांबू नको. गावच्या वर्तमानपत्रात मग पान भरभरून फोटो आणि नावं छापून आली. दुखवट्याचे पडदे घराघराच्या खिडक्यांवर ओढले गेले.

ओळखीची माणसं सोबत असली की धीर येतो, हे खरं होतं. पण सगळी ओळखीची माणसं एकाच वेळी एकाच जागी उभी केली की एकाच सकाळी सगळ्या गल्लीचा आधार जातो, हे भरती करताना कुणी सांगितलं नव्हतं. सोमच्या नंतर अशा गावोगावच्या पलटणी उभ्या करण्याची पद्धत मागं पडली. तोपर्यंत सक्तीची भरतीही सुरू झाली होती.

सगळ्यांत वाईट कागद होता ‘बेपत्ता’ लिहिलेला. मेला म्हणावं तर प्रेत नाही, जगतोय म्हणावं तर पत्र नाही. बाईनं कुंकू पुसायचं की नाही, असा प्रश्न आपल्याकडे पडला असता. कितीतरी महिने वाट पाहायची, मग सरकार मेला असं धरून चालायचं, आणि त्यानंतर विधवेच्या पेन्शनचा कागद. तोवर मिळणारा भत्ताही बिनशर्त नव्हता. सैनिकाच्या बायकोची वागणूक ‘चांगली’ नाही असं ठरलं तर तो बंद करता यायचा, आणि त्यासाठी तिच्यावर नजर ठेवली जायची. नवरा खंदकात, आणि बायकोच्या चारित्र्याचा दाखला चावडीवर. हेही आपल्याला परकं वाटत नाही.

ऑगस्ट 1916 मध्ये या लढाईचा सिनेमा इंग्लंडभर दाखवला गेला. मुका सिनेमा, खऱ्या सैनिकांवर चित्रित केलेला. पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे दोन कोटी तिकिटं विकली गेली. पुष्कळ बायका तो पाहायला गेल्या त्या एवढ्याचसाठी, की पडद्यावरून जाणाऱ्या गर्दीत आपला चेहरा दिसतोय का.

गोळे भरणाऱ्या हातांची गोष्ट

ते पंधरा लाख गोळे आले कुठून? इंग्लंडमधल्या कारखान्यांतून, आणि तिथं काम करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. युद्ध संपेपर्यंत दारूगोळ्याच्या कामात नऊ लाखांच्या आसपास बायका होत्या. घरकाम करणाऱ्या मोलकरणी, गिरणीतल्या कामगारणी, शेतकऱ्यांच्या मुली. पुरुषांपेक्षा कमी पगारात, पण आधीच्या कामापेक्षा जास्त.

दारू भरताना हात, तोंड पिवळं पडायचं, केस नारिंगी व्हायचे. लोक त्यांना चेष्टेनं पिवळ्या पाखराचं नाव देत. ती चेष्टा नव्हती, विषबाधा होती. काही जणी त्यानं दगावल्या. केसात लोखंडी पिनसुद्धा लावायची नाही, काडेपेटी जवळ ठेवायची नाही, दारात झडती द्यायची.

लीड्स शहराजवळ बार्नबो नावाचा असा एक मोठा कारखाना होता. तिथं जवळजवळ सगळं काम बायकाच करत. दुधानं विष उतरतं या समजुतीनं कारखान्यानं स्वतःच्या गाई पाळल्या होत्या. 5 डिसेंबर 1916 च्या रात्री, रात्रपाळी सुरू झाल्यावर थोड्याच वेळात, गोळ्यांना फ्यूज बसवायच्या खोलीत स्फोट झाला. 35 बायका गेल्या. कितीतरी भाजल्या, हातपाय गमावून बसल्या. थोड्याच वेळात शेजारच्या मैत्रिणी पुन्हा त्याच खोलीत कामाला उभ्या राहिल्या.

आणि ही बातमी छापली गेली नाही. शत्रूला कळेल म्हणून. बार्नबोचं नाव युद्ध संपेपर्यंत लोकांसमोर आलं नाही.

बघा कसं आहे ते. लीड्सची मुलं 1 जुलैला सेरच्या समोर पडली, आणि लीड्सच्या मुली डिसेंबरात कारखान्यात गेल्या. दोन्ही बातम्या दाबल्या गेल्या. पण सैनिकाचं नाव पुढं दगडावर तरी कोरलं गेलं. त्या कामगार बायकांची आठवण व्हायला फार उशीर लागला.

आपली माणसं कुठं होती

तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं परदेशातलं. आपलं काय त्यात?

सोमच्या लढाईत हिंदी सैनिकही होते. 14 जुलैला पहाटे इंग्रजांनी पुन्हा हल्ला केला आणि या वेळी तो बराच साधला. संध्याकाळी हायवूड नावाच्या जंगलाकडे घोडदळ सोडलं. त्यात इंग्रज स्वारांबरोबर विसावी दख्खन हॉर्स ही हिंदी पलटण होती. भाले घेतलेले स्वार उभ्या पिकातून दौडत गेले. नावात दख्खन असलं तरी त्यात शीख, जाट आणि दख्खनी मुसलमान स्वार होते. पुण्याचं नाव लावणारी पूना हॉर्सही त्याच घोडदळाच्या तुकडीत होती. रात्र तिथं काढून पहाटे स्वारांना मागं यावं लागलं. ते जंगल पुरतं हाती यायला पुढं दोन महिने लागले. मशीनगनच्या काळात भाल्यांचं काय चालणार?

आपल्या मराठा पलटणी मात्र सोमला नव्हत्या. त्यांचं मोठं रक्त सांडलं ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथं कुत नावाच्या गावात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी इतर फौजेसोबत वेढ्यात अडकल्या. 147 दिवस वेढा चालला. घोड्याचं मांस खाऊन दिवस काढायची वेळ आली. 29 एप्रिल 1916 ला, म्हणजे सोमच्या दोन महिने आधी, त्या फौजेला शरण जावं लागलं. सुमारे 13,000 माणसं कैदेत गेली, आणि त्यातली हजारो परत आली नाहीत.

आपल्याकडची भरतीही गावा-गावातून, जाती-जातीतून एकत्रच होत होती. एका भागातली माणसं एका कंपनीत. म्हणजे अक्रिंग्टनसारखंच. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या गावाला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणून ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले. शेचाळीस घरं म्हणा, नाहीतर एकेका घरातले दोन-दोन म्हणा. त्या घरांतल्या बायकांना बातमी कधी कळली असेल? कुणी वाचून दाखवली असेल? अक्रिंग्टनच्या बाईला निदान स्वतःला पेपर वाचता येत होता. आपल्या पणजीला आलेलं कार्ड वाचायला मास्तराकडे जावं लागत होतं. आणि जाब विचारायला महापौरही नव्हता. जो साहेब होता तो परक्या राज्याचा.

हिशोब

सोमची लढाई नोव्हेंबरच्या पावसात, चिखलात आणि बर्फात थांबली. मधे 15 सप्टेंबरला जगात पहिल्यांदा रणगाडे वापरले गेले, पण त्यातले बरेच वाटेतच बंद पडले. ऑस्ट्रेलियाच्या सैनिकांनी पोझियेर नावाच्या गावासाठी सात आठवड्यांत 23,000 माणसं गमावली. दक्षिण आफ्रिकेचे सैनिक देलव्हिलच्या जंगलात कापले गेले.

शेवटी इंग्रज साम्राज्याची सुमारे 4 लाख 20 हजार माणसं ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली. फ्रेंचांची सुमारे 2 लाख. जर्मनांचा आकडा नेमका किती यावर इतिहासकार अजून भांडतात, पण बहुतेक जण चार लाखांहून जास्तच सांगतात. सगळे मिळून दहा लाखांच्या वर. आणि जमीन किती पुढं सरकली? जिथं सगळ्यांत जास्त सरकली तिथं सुमारे दहा किलोमीटर. आपण आठवड्याच्या बाजाराला जातो तेवढी वाट.

काही इतिहासकार म्हणतात की या लढाईनं व्हर्दूनवरचा ताण कमी झाला, जर्मन सैन्य खिळखिळं झालं, इंग्रज सैन्य लढायला शिकलं. 1917 च्या सुरुवातीला जर्मन खरंच मागच्या पक्क्या ठाण्यांवर हटले. दुसरे म्हणतात, एवढी किंमत कशालाच नको होती. दोन्ही बाजूंचं ऐकावं. पण हिशोब मांडताना घरातल्या बाईचं नुकसानही वहीत धरावं, एवढंच माझं म्हणणं.

त्या शेतांत आजही नांगर धरला की न फुटलेले गोळे वर येतात. शेतकरी ते बांधाला काढून ठेवतात आणि सरकारी माणसं येऊन उचलून नेतात. शंभर वर्षांहून जास्त काळ झाला, पीक अजून निघतंय.

आकडा आणि नाव

तिकडे तिएपवाल या गावी एक मोठं स्मारक आहे. 1932 मध्ये ते उघडलं. ज्यांची कबर कुठं आहे हे माहीत नाही अशा 72,000 हून जास्त सैनिकांची नावं त्यावर कोरलेली आहेत. एकेक नाव. ज्या लचेन्स या वास्तुकारानं ते बांधलं, त्यानंच दिल्लीचं इंडिया गेट बांधलं. पहिल्या महायुद्धात आणि त्या काळातल्या मोहिमांत मेलेल्या 70,000 हून जास्त हिंदी सैनिकांच्या आठवणीसाठी ते आहे. भिंतींवर कोरलेली नावं मात्र 13,000 च्या आसपास.

आपल्या सातारा-रत्नागिरीकडच्या पुष्कळ गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर एक संगमरवरी पाटी असते. आपण तिच्या खाली बसून ग्रामसभा करतो आणि कधी वाचत नाही. त्यावर लिहिलेलं असतं की या गावातून इतकी माणसं 1914 ते 1919 च्या मोठ्या लढाईत गेली आणि त्यातली इतकी कामी आली. पुष्कळ पाट्यांवर एवढंच. आकडा आहे, नाव नाही.

अक्रिंग्टनच्या बायकांनी दारात जाऊन विचारलं ते हेच होतं. किती गेले ते नको, कोण गेलं ते सांगा. आपल्या पणज्यांना ते विचारता आलं नाही. आपल्याला येतं. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर पुढच्या बैठकीला जाताना ती वाचा. मग गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीला विचारा, कुणाच्या घरचं कोण लढाईला गेलं होतं, कोण आलं नाही, मागं राहिलेल्या बाईनं पुढं कसं निभावलं, पेन्शन मिळाली का, शेत कुणी केलं. कुणाकडे जुना बिल्ला, जुना कागद असेल. आणि जे कळेल ते गटाच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून लिहून ठेवा. सैनिकाचं नाव लिहाल तेव्हा त्याच्या खाली त्याच्या आईचं आणि बायकोचंही लिहा. ज्या आजींना हे आठवतं, त्या आता थोड्याच उरल्यात, म्हणून हे लवकर करायला हवं.

आजच्यापुरतं एवढंच. काळजी घ्या मैत्रिणींनो. नमस्कार.